आठव्याची जागा

आंटींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जिन्याशी बोलत होत्या.

अरुंद लाकडी जिना होता. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आणि वर आयरिश केंद्राच्या दोन खोल्या, एक नाचगाण्याची मोठी आणि एक चहाची छोटी. सईच्या नाचाच्या क्लासचा तो पहिला रविवार. आम्ही मायलेकी चढत होतो आणि पुढे ही सत्तरी ओलांडलेली गोरी बाई होती. पांढऱ्या केसांची बारीक वेणी, पायांत बाजारातल्या रबरी सपाता, हातात पुरुषी काळी छत्री. मधेच थांबून त्या अंग चोरून भिंतीला टेकल्या आणि वरून कुणी उतरत असल्यासारखं म्हणाल्या, "आले रे, आले. माझे गुडघे तुझ्यासारखे नाहीत, लाह." जिन्यावर आमच्याखेरीज कुणी नव्हतं.

सिंगापुरात साठीपुढची प्रत्येक बाई आंटी. या आयरिश असल्या तरी चाळीसएक वर्षं हौगांगच्या फ्लॅटमध्ये काढलेल्या. लग्न करून आल्या होत्या बोटीवरच्या एका चिनी इंजिनिअरशी. तो जाऊनही बराच काळ झाला होता, मूलबाळ नव्हतं. त्यांचं इंग्रजी सगळं इथल्यासारखं, वाक्याच्या शेवटी लाह आणि लोर लावलेलं होतं. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बिनसाखरेची काळी कॉफी मागवताना डोळे मिटून ऐकलं तर कुणी इथलीच म्हातारी वाटावी. ती कॉफी त्या वर आणायच्या आणि तिच्यात घरी भाजलेला सोड्याचा पाव बुडवून खायच्या. दात फार उरले नव्हते.

केंद्राच्या त्या सर्वेसर्वा होत्या. कमिटी वगैरे होती, तिच्यात बँकांतले नि शाळांतले आयरिश लोक होते. पण किल्ली आंटींकडे, आणि जिच्याकडे किल्ली तिचं राज्य. दुपारी मुलांचा नाच, मग फिडल आणि बासरीवाल्यांची बैठक, मधे आयरिश भाषेचा वर्ग. त्या वर्गात दोन निवृत्त चिनी मास्तर आणि एक तमिळ नर्स, आयरिश माणूस एकही नाही. "आमच्या लोकांना वाटतं, आपल्याला येतेच," आंटी म्हणायच्या.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी मला फैलावर घेतलं होतं. भरतनाट्यम सोडून हे काय खूळ? पण सईनं शाळेच्या कार्यक्रमात हा नाच पाहिला होता. वर अंग ताठ आणि खाली पायांचा धुमाकूळ. तिला तेच हवं होतं. नऊ वर्षांच्या मुलीशी वाद घालण्यापेक्षा रविवारची दुपार घालवणं सोपं.

त्या समूहनाचाला आठ जण लागतात. चार जोड्या, चौकोनात उभ्या. क्लासला मुलं सात.

पहिल्याच दिवशी आंटींनी छत्री जमिनीवर आपटली आणि मुलं मोजली. "एक, दोन, तीन..." सातव्या मुलावरून छत्रीचं टोक पुढे सरकलं, रिकाम्या जागेवर थांबलं. "आठ. झाले. चला."

मला वाटलं, म्हातारीला दिसत नाही. पण मुलांना काही वावगं वाटलं नाही. नवी म्हणून सई रिकाम्या जागेसमोर उभी राहिली होती. फिडल सुरू झालं तसा तिनं उजवा हात खांद्याइतका वर धरला. मुलं गिरक्या घेत होती, जागा बदलत होती, आणि त्या धावपळीत ती एक मोकळी जागाही त्यांच्याबरोबर फिरत होती. कुणीही तिच्यातून गेलं नाही. कुणी तिला आपटलं नाही.

परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मी सईला विचारलं, "तुला जोडीदार नाही, मग कसं गं नाचतेस?"

"आहे ना. ही इज व्हेरी गुड, आई. पाय नाही तुडवत."

मी तिचा हात हातात घेतला. उजवा तळहात गार आणि ओलसर होता. तिथला एसी फार वाढवतात, असं मी माझ्या मनाला सांगितलं. मनाला असं सांगायची मला चांगली सवय आहे.

मोजणं ही आंटींची खोडच होती. बैठकीला माणसं मोजत, चहाचे कप मोजत, आणि प्रत्येक वेळी एक जास्त. तो जास्तीचा कप खिडकीपाशी ठेवून देत. एखाद्याला खुर्ची मिळाली नाही की कडेच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत. "बस लाह, तो सरकून घेईल." नवा माणूस हसायचा आणि बसायचा, पण खुर्चीच्या अर्ध्या भागावरच. मीसुद्धा तशीच बसले आहे. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

केंद्रातले आयरिश लोक यावर बोलत नसत. मी एकदा फिडलवाल्या गृहस्थांना विचारलं, तर त्यांनी तारा पिळायला घेतल्या. "ती आहे तशी आहे," एवढंच म्हणाले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्या स्वभावामुळे झालं. मी खटपटी बाई आहे. भिंतीवरची चौकट वाकडी दिसली की परक्याच्या घरातही उठून सरळ करते. बँकेत नियमपालन विभागात आहे, तिथे हा स्वभाव खपतो. घरी नवरा म्हणतो, "अगं, एखादी गोष्ट बिघडलेली असू दे ना." मला नाही जमत.

चहाच्या खोलीत फळीवर एक जुनं लाकडी घड्याळ होतं, चावीचं, लोलकाचं. चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेलं. वर्षभर मी ते बघत होते. बंद घड्याळ घरात ठेवू नये, हे आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर शिकवतात. माझ्या सासूबाई तर मनगटावरचं बंद पडलं तरी काढून घराबाहेर ठेवतात. इतर बाबतींत मी स्वतःला मोठी बुद्धिवादी समजते, पण ते घड्याळ मला प्रत्येक रविवारी टोचायचं. आणि आंटींचा वाढदिवस आला होता. केंद्राची जादा किल्ली आंटींनीच पालक म्हणून माझ्याकडे दिली होती. सोमवारी जाऊन मी ते उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि हौगांगच्या बाजारातल्या घड्याळवाल्या अंकलकडे नेलं.

अंकलनं मागचं दार उघडलं, भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "बिघडलेलं काही नाही, लाह," तो म्हणाला. "कुणीतरी हातानं थांबवलंय."

त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "तेल घाला आणि चालू करा."

लोलकाला पहिला झोका मी माझ्या हातानं दिला. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन घड्याळ फळीवर ठेवलं, शेजारी केक मांडला. मुलं जमली, फिडलवाले आले. टिकटिक मोठ्या खोलीतही ऐकू येत होती. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! जिन्यावर सपातांचा आवाज आला. अर्ध्यात आल्यावर तो थांबला. आज आंटी जिन्याशी काहीच बोलल्या नाहीत.

मग त्या दारात आल्या. केकाकडे पाहिलं नाही, घड्याळाच्या खोलीकडेही नाही. छत्री उचलून त्या मुलं मोजू लागल्या. "सात," त्या म्हणाल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजली. "सात."

फिडलवाल्यांनी गज खाली ठेवला.

"कुणी चालू केलं?"

मी हात वर केला. तोही हसत.

"तू त्याची कोण?" आंटींनी विचारलं.

नाच झाला, पण झाला म्हणायचा. सईनं हात वर धरला आणि तो खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. मुलं एकमेकांवर आदळू लागली, एकजण पडून रडायला लागला. "आई, नोबडी देअर," सई म्हणाली. वर्षभर ज्या जागेला कुणी धक्का लावला नव्हता, तिच्यातून सगळे आरपार जात होते.

चहाच्या खोलीत आंटींनी मला सगळं सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या गावाकडे, पश्चिमेच्या समुद्रकाठी, घरातलं माणूस गेलं की घड्याळ थांबवतात. माती दिल्यावर घरच्याच माणसानं ते चालू करायचं, म्हणजे गेलेला मार्गी लागतो. आंटींचा भाऊ एकोणीस वर्षांचा होता, गावात नाचायला त्याच्यासारखा कुणी नव्हता. एका दुपारी तिघं मासेमारीला गेले. दोघं किनाऱ्याला लागले. तो लागला नाही. बातमी आली तेव्हा आईनं लोलक धरला, आणि माती द्यायला देहच नाही म्हणून तो पुन्हा कधी सोडला नाही. आईमागे घड्याळ आंटींकडे आलं. त्यांनी ते बोटीतून, विमानातून, टिकटिक न करू देता इथवर आणलं होतं.

"घरी ठेवलं होतं आधी," त्या म्हणाल्या. "पण घरात मी एकटी. त्याला माणसं लागतात, नाच लागतो. म्हणून इथे."

"मला माफ करा," मी म्हटलं. "मी आत्ता बंद करते."

"माणूस दोनदा मरतो का, लाह?" त्यांनी कॉफीत पाव बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "आता ज्यानं चालू केलं, त्याच्या घरी तो जाणार. रीतच आहे तशी. दाराशी आला तर हाकलू नकोस एवढंच. तो लाजाळू आहे."

आम्ही यिशुनला अकराव्या मजल्यावर राहतो. समुद्र तिथून दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. त्या आठवड्यात येऊ लागला. संध्याकाळी लिफ्ट आपोआप आमच्या मजल्यावर येऊन थांबायची, दार उघडायचं, कुणी बाहेर यायचं नाही. मग वास यायचा, ओल्या दोराचा आणि शेवाळाचा. बाथरूममध्ये न वापरलेला टॉवेल ओला असायचा. नवऱ्यानं एसीवाल्याला बोलावलं. त्यानं गळती कुठेच नाही म्हणून सांगितलं. मी चौथी खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवायची आणि वळले की ती बाहेर ओढलेली असायची.

गुरुवारी सईनं जेवायची ताटं मांडली. चार.

"आपण तिघं आहोत ना, सई?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच मोजता येत नाही. "फोर, व्हॉट," ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा वाईट होतं ते रविवारी आंटींना बघणं. त्या आता बरोबर मोजत होत्या. सात मुलांना सात, पाच माणसांना पाच कप. जिन्यावर मुकाट चढायच्या. इतकी वर्षं ज्या बाईचा दिवस कुणाशी तरी बोलण्यात गेला, ती एका आठवड्यात वाळून गेली. एकदा पायरी चुकल्या आणि तिथेच बसून राहिल्या. मी उठवायला गेले तेव्हा म्हणाल्या, "घरी शांतता फार आहे." मी त्यांचं एकुलतं एक माणूस त्यांच्यापासून तोडलं होतं, तेही भेट म्हणून.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर मी थोडं सांगितलं, थोडं गाळलं. एका मैत्रिणीचा भाऊ, बुडाला, तिथी माहीत नाही. त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही. "मग सर्वपित्रीला पान वाढ त्याचं," त्या म्हणाल्या. "ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठीच असते ती अमावास्या. आणि त्या बहिणीला जेवायला बोलाव. माहेरचं कुणी नको का समोर?"

सर्वपित्री पुढच्याच आठवड्यात होती. मी रजा टाकली. लिटल इंडियातून केळीचं पान आणलं. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. मी कधी स्वतःच्या आजोबांचं केलं नव्हतं.

आंटी बसनं आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी वास घेतला आणि त्यांचे डोळे भरले. मग आत आल्या, छत्री टेकवली, आम्हाला मोजलं. मी, नवरा, सई, त्या स्वतः. छत्रीचं टोक चौथ्या खुर्चीपाशी गेलं.

"पाच," आंटी म्हणाल्या, आणि खाली बसून लहान मुलासारख्या रडल्या. सईनं उठून त्यांना टिश्यू दिला.

पान स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. इथे पक्ष्यांना खायला घालणं गुन्हा आहे. नियमपालन विभागातली मी, पडदा अर्धा ओढून, समोरच्या ब्लॉकमधून कुणी बघत नाही ना ते पाहत होते. कावळा लगेच आला. समोरच्या कठड्यावर बसला आणि पानाकडे बघत राहिला. मैना आल्या, त्याही लांबूनच बघून गेल्या. अर्धा तास गेला. खिरीवर साय धरली.

"का खात नाही?" आंटींनी विचारलं.

मी सांगितलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असला की कावळा शिवत नाही. मग जवळचे लोक बोलून दाखवतात, तुझं अमुक राहिलं ते आम्ही करू. शब्द देतात.

आंटी खिडकीशी गेल्या आणि त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. मधे हसल्याही. कावळ्यानं मान वळवून दुसरीकडे पाहिलं. "आईच्या थडग्यावर जाऊन येईन म्हटलं," त्या म्हणाल्या. "बोटीला दोष देणार नाही म्हटलं. त्याला आणखी काय हवं, मला नाही माहीत."

त्यांच्या पाठीकडे बघता बघता मला ते कळलं. वाकलेली पाठ, बारीक वेणी, घसरू नये म्हणून कट्ट्याला धरलेले दोन हात. त्याचं स्वतःचं काही राहिलं नव्हतं. ही राहिली होती. हिचं घड्याळ थांबवायला मागे कुणी नव्हतं, म्हणून तो जात नव्हता.

मी आंटींच्या शेजारी उभी राहिले. त्याला मराठी समजेल का, हा विचार तेव्हा आला नाही. "तू जा," मी म्हटलं. "तुझ्या बहिणीला मी आहे. तिची वेळ आली की घड्याळ मी थांबवीन. पुन्हा चालूही मीच करीन. शब्द दिला."

कावळा उडाला आणि पानावर उतरला. वडा उचलून तो समुद्र आहे त्या दिशेला गेला.

"काय सांगितलंस त्याला?"

"मी आहे, म्हटलं."

आंटींनी मान हलवली. मग जेवायला बसल्या आणि तीन वाट्या खीर प्यायल्या. दुसऱ्या दिवशी सईनं तीन ताटं मांडली.

त्यानंतर आंटी दर बुधवारी आमच्याकडे येऊ लागल्या. मी मऊ गुरगुट्या भात करायची, तूप घालून, तो त्यांना चावावा लागत नसे. सईला त्यांनी पावलं शिकवली, मला सोड्याचा पाव. जिन्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. कप मोजून ठेवायच्या. घड्याळ चालू होतं आणि त्याला चावी त्या स्वतः द्यायच्या.

आयरिश लोकांच्या मार्चमधल्या संतदिनाच्या नाचाची तालीम होती. सात मुलं उभी राहिली. आंटींनी छत्री आपटली. "एक, दोन, तीन..." सातव्या मुलावरून छत्रीचं टोक पुढे सरकलं. त्या थोडा वेळ त्या जागेकडे बघत राहिल्या. चेहरा असा झाला की मी खुर्चीतून अर्धी उठले.

"आठ," आंटी म्हणाल्या. "झाले. चला."

फिडल सुरू झालं. सईचा उजवा हात खांद्याइतका वर गेला आणि तिथेच राहिला. आंटी कॉफी घ्यायला म्हणून आतल्या खोलीत गेल्या. मुलं गिरक्या घेत होती आणि ती मोकळी जागा त्यांच्याबरोबर फिरत होती. एका गिरकीनंतर सईचा हात अलगद खाली आला. ती थांबली. "आई, ही वेंट इनसाइड," ती म्हणाली.

मी आत गेले. आंटी फळीखालच्या खुर्चीत बसल्या होत्या, छत्री मांडीवर आडवी. खिडकीपाशी दोन कप भरून ठेवलेले होते. पाव कॉफीत बुडवलेला होता. मी त्यांचा हात धरला. तळहात गार होता, ओलसर होता.

मी घड्याळाचं दार उघडलं आणि लोलक धरला.

त्यांना निरोप दिला तेव्हा केंद्रातले सगळे होते, मंडळातल्याही चारजणी आल्या. फिडलवाल्यांनी वाजवलं. परत आल्यावर चहाच्या खोलीत सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. रीत त्यांना ठाऊक होती, आणि घरचं माणूस म्हणजे मी, हे कुणी न ठरवता ठरलं होतं. मी शब्द दिला होता. मी फळीपाशी गेले, दार उघडलं, लोलकाला बोट लावलं. आणि मला ते ढकलता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक बंद वस्तू मला तशीच हवी होती. फिडलवाले गृहस्थ म्हणाले, "घाई नाही." मी घड्याळ टॉवेलात गुंडाळून यिशुनला आणलं.

आता ते आमच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे. सासूबाईंना परवा व्हिडिओ कॉलवर दिसलं. "अगं, बंद घड्याळ घरात? काढ ते आधी, नाहीतर चालू तरी कर."

"करते, आई," मी म्हटलं. रोज म्हणते. आंटींनीही असंच रोज उद्यावर टाकलं असणार, हे मला कळतं. आपण त्यांना अडकवून ठेवलंय, हेही कळतं.

आज बुधवार. सईनं ताटं मांडली, चार. चौथ्या ताटात भात वाढताना तो जरा कोरडा वाटला, म्हणून परत पातेल्यात घातला, गरम पाणी ओतलं आणि मऊ होईपर्यंत गॅसजवळ उभी राहिले.